सविताच्या वेणीचा रंग

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझी बायको चारचौघांत सांगते. हे तिला माहीत नाही. मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही. पण गेल्या रविवारपासून कशातच लक्ष लागत नाही. वर्गात खडू मोडतो. घरी पेपर उघडतो, पानं उलटतो, वाचत काहीच नाही.

रविवारी मुलगी मला पुसदला सलूनमध्ये घेऊन गेली. महिन्यावर तिचं लग्न आलंय. "बाबा, तो काळा डाय काहून लावून राह्यले अजून? टोपी घातल्यासारखं दिसते. ब्राऊन घ्या." सलूनवाल्याने शेड कार्ड उघडलं. पुठ्ठ्यावर केसांचे छोटे झुपके ओळीने चिकटवलेले — डार्क ब्राऊन, चॉकलेट, चेस्टनट, हनी. एकेक तो माझ्या कानशिलाला लावून आरशात बघायचा. "सर, चॉकलेट नका घेऊ, तुमच्या रंगावर लाल मारते. डार्क ब्राऊन करू आन् समोर दोन-चार हायलाइट्स टाकू. नवरदेव बाजूले राहीन, लोक सासऱ्यालेच पाहतीन!" मुलगी खो खो हसली. मीही हसलो असेन.

मग त्याने चौथा झुपका लावला. उजेडात मधासारखा, सावलीत चिंचोक्यासारखा. "हा सगळ्यात नॅचरल दिसते, सर."

तो रंग मी आधी पाहिला होता. एका वेणीत. नववीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर.

मी खुर्चीतून उठलो. नंतर येऊ म्हणालो. मुलीला वाटलं, मी लाजलो.

कुठून सुरू करू? सोळा-सतरा वर्षं झाली. त्या शाळेत मी नवा होतो आणि मुख्याध्यापकांनी शिस्तीचं काम माझ्याकडे दिलं होतं. एखादी बट रंगवण्याचं वेड तेव्हा नुकतंच तालुक्यापर्यंत पोचलं होतं. नियम झाला — रंगवलेले केस शाळेत चालणार नाहीत. सविता — हे तिचं खरं नाव नाही — जवळच्या बंजारा तांड्यावरून चालत यायची. घरी गोरबोली, शाळेत मराठी, आणि गणित दोन्हींत पक्कं. तिचे केस भुरे होते. प्रार्थनेच्या वेळी मी तिला ओळीतून बाहेर काढलं. कोणता रंग लावला, विचारलं. "नाही लावला, सर." पोरं हसली. मला वाटलं, खोटं बोलतेय. इथवरच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. चूक कुणाची होत नाही?

पण मी रुमाल काढला. नळाखाली ओला केला, तिची वेणी धरली आणि घासली. का? आपण किती हुशार आहोत हे दाखवायला — दुसरं काय! आणि वेणी धरली तेव्हा तिचा भांग माझ्या डोळ्यांसमोर आला. रंगवलेल्या केसांचं मूळ वेगळं दिसतं, हे तिशीतच डाय लावू लागलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तिचे केस मुळापासून तसेच होते. कातडीतून निघतानाच भुरे.

मी रुमाल पाहिला. पांढरा होता. ओला आणि पांढरा.

सगळी शाळा बघत होती. मुख्याध्यापक पायरीवर उभे होते. मी रुमालाची घडी केली, खिशात घातला आणि म्हणालो, "निघाला रंग."

सविता रडली नाही. तिने आपलीच वेणी पुढे घेऊन पाहिली. सर सांगतात म्हणजे असेलही — असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिने स्वतःवर शंका घेतली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. "मास्तर, पोरगी जनमली तवापासून असेच केस हायेत. माह्या सासूचे बी असेच व्हते. तो रुमाल दाखवा मले." मी म्हणालो, धुवायला टाकला. "धुतला का? पोरीच्या केसाचा रंग तं पावसात बी जात नाही, मास्तर. तुमच्या रुमालाचा बरा गेला!" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, नक्की ना?" आयती दुसरी संधी होती ती, नाही का? मी म्हणालो — हो, नक्की.

निकाल लागला : केस काळे करून या, मग वर्गात बसा. म्हणजे रंगवायला बंदी असलेल्या शाळेत, जन्मजात केस रंगवून या! हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

आईने बाजारातून काळ्या मेहंदीचं पाकीट आणून लावलं. सविता आली ती काळ्याभोर केसांनी. कपाळाच्या कडेला पुरळ, कानामागे फोड. वर्गभर खाजवत बसायची. आजवर तिला 'भुरी' म्हणणाऱ्या मुली आता 'डायवाली' म्हणू लागल्या. मी ऐकायचो आणि फळ्याकडे तोंड करायचो. महिन्याभरात भांगाच्या दोन्ही बाजूंना भुरी रेघ उगवली — कुणीही यावं, पाहावं, इतकी स्पष्ट. मी काय केलं? तिला शेवटच्या बाकावर बसवलं.

पुन्हा मेहंदी लावायला ती तयार झाली नाही. यायचीच थांबली. दिवाळीनंतर आई तिला घेऊन दाखला न्यायला आली, दुसऱ्या शाळेत घालते म्हणाली. सविता पुढे कुठल्याच शाळेत बसली नाही, हे मला नंतर कळलं.

वर्गशिक्षक मीच. दाखला मीच भरला. शाळा सोडण्याचं कारण : 'पालकांच्या विनंतीवरून'. मग वर्तणुकीचा रकाना. तिथे आम्ही सगळ्यांचंच 'चांगली' लिहितो, न बघता लिहितो. त्या दिवशी पेन थांबलं. 'चांगली' लिहिलं तर प्रार्थनेच्या वेळचं माझं बोलणं खोटं ठरणार होतं.

मी 'साधारण' लिहिलं.

तिच्या आईला वाचता येत नव्हतं. तिने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि लेकीकडे दिला. सविताला वाचता येत होतं. तिने तो दारातच उभं राहून वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, माझ्या सहीसकट.