पांढऱ्याच्या जागी पिवळा

लोकांचे असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आमच्या घरात अंगारे-धुपारे, भूतखेत कधी नव्हतंच. बाबांना असल्या गोष्टींचा रागच यायचा. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. तरी घडलं तसं सांगते.

मी संभाजीनगरला, गारखेड्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. लेबलं डिझाइन करायचा प्रोग्राम बनवतो आम्ही. त्यात रंग निवडायची एक छोटी खिडकी असते — एक चौकोन, खाली लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. आकडे बदलले की चौकोनाचा रंग बदलतो. तिन्ही २५५ असले की पांढरा. ही खिडकी बनवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ती उघडताना पांढरीच उघडायला हवी होती.

एका सोमवारी ती किंचित पिवळसर उघडली. निळ्याचा आकडा २२५; निळा कमी झाला की पांढऱ्याचा पिवळा होत जातो. वाटलं, माझीच चूक. कोड तपासला... काहीच नाही. रंग कुठे साठवतही नव्हतो. गुरुवारी निळा १९०. पुढच्या सोमवारी १४०. दर वेळी मी तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवले. सवयच आहे ती.

शेजारच्या इम्रानला दाखवलं. तो सीनियर. त्याने तोच कोड स्वतःच्या मशीनवर चालवला.

"मेरे पास तो सफेद आ रहा. तेरा मॉनिटर गया होगा."

"मॉनिटर असता तर आकडे कसे बदलले असते?"

तो म्हणाला, "छोड ना. एक लाइन डाल, सफेद फिक्स कर. शुक्रवार को डेमो है."

मी ओळ टाकली. खिडकी पांढरी उघडू लागली. विषय संपला.

बाबांशी फोनवर रोज बोलणं व्हायचं. करमाडला त्यांचं शिलाईचं दुकान. "जयभीम माय, जेवलीस का?" एवढंच. तब्येत विचारली की, "मला काय धाड भरलीय?" करमाड इथून फार तर तासाभरावर. मी दोन महिने गेले नव्हते.

ओळ टाकून बारा-तेरा दिवस झाले असतील. दुपारी धाकट्या भावाचा, अमोलचा फोन आला — बाबांना शहरात आणलंय, दवाखान्यात. मी पोचले तेव्हा ते झोपले होते. हाक मारली. त्यांनी डोळे उघडले.

पिवळे. मला रडू आलं नाही. डोक्यात नुसते आकडे आले.

लिव्हर निकामी होत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे आधी आणलं असतं तर..." अमोल खाली मान घालून उभा. "ताईला सांगू नको" म्हणून बाबांनी त्याला बजावलं होतं. गावातल्या डॉक्टरांना पाठवायला तो बाबांच्या डोळ्यांचे फोटो काढत होता. तीन फोटो. मी ते मागून घेतले.

बाबा नवव्या दिवशी गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी कामावर आले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे त्या फोटोंवर डोळ्यांतल्या पांढऱ्या भागाचा रंग मोजला. पहिला फोटो त्याच सोमवारचा, दुसरा गुरुवारचा, तिसरा पुढच्या सोमवारचा. वही उघडी ठेवली होती. तिन्ही जुळले. डोळ्यात कुठल्या ठिपक्यावर मोजता, उजेड कसा आहे, यावर आकडा बदलतो — हे मला कळतं, माझं कामच आहे ते. पण मी प्रत्येक फोटोवर एकदाच क्लिक केलं होतं. आणि खिडकी पिवळी उघडत होती तेव्हा हे फोटो फक्त अमोल आणि त्या डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये होते. इम्रानला दाखवलं. तो उठून चहा घेऊन आला.

ती ओळ काढून पाहिली. पांढरी. रोज पांढरीच. हे कशामुळे झालं असेल ते मला सांगता येत नाही. कुणी सांगितलं तरी आता काय फरक पडणार, तेही कळत नाही.

मागच्या रविवारी करमाडला गेले. आई दुकानातली मशीन पुसत होती.

"अमोलला मी काय बोलले नाय," ती म्हणाली. "पण त्यानं कळवायला पायजे व्हतं. तुला तिकडं बसून कसं कळणार व्हतं, माय?"

मी म्हणाले, "व्हय." आणि तिच्या हातातलं फडकं घेतलं.