मुलगी बघायला गेलो आणि तास घेऊन आलो

काय तोंडानं सांगू तुम्हाला, पण सांगतो. मुलगी बघायला गेलेल्या नवरदेवानं मुलीच्या मामालाच घराबाहेर काढल्याचं तुम्ही कुठं ऐकलंय? नाय ना? मग चहा घ्या आणि ऐका. काढणारा हा तुमच्यासमोरच बसलाय.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. उर्दूच्या शाळा मराठी झाल्या होत्या आणि औरंगाबादेत इंग्रजी शिकवणारा मास्तर म्हणजे लई मोठी चीज. मी बी.ए. होऊन तिथं एका हायस्कुलात लागलो. आमचं घर वैजापूरकडचं, शेतीवालं. गावात कुणाला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळं माझ्या चुका काढणारंही कुणी नव्हतं. डोकं फिरायला आणखी काय लागतं?

त्या आठवड्यात वर्गात 'नेस' चाललं होतं. शब्दाच्या शेपटाला नेस लावलं की गुणाचं नाव तयार. काइंड म्हणजे दयाळू, काइंडनेस म्हणजे दयाळूपणा. आपला 'पणा'च तो. मी त्यात इतका बुडालो होतो की चहा गोड लागला तरी 'काय स्वीटनेस' म्हणायचो.

तशातच लासूर स्टेशनचं स्थळ सांगून आलं. शकुंतला, मॅट्रिक पास. एका लग्नात मी तिला लांबून बघितलं होतं आणि तिथंच माझा जीव अडकला होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघताना बजावलं की तिच्या बापाचं घरात काही चालत नाय, मामा म्हणतील तेच होतं. कापसाचे आडते आहेत, फटकळ आहेत, तेवढं त्यांना जपून घे.

गेलो. पोहे झाले. मुलगी येऊन खाली मान घालून बसली. माझ्या आत्यानं स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं. मग आबा म्हणाले, तुला काय विचारायचं ते विचारून घे. आता माझ्या तोंडातून काय यावं?

"नेस लागून होणारे शब्द सांगा."

तिनं सांगितले हो! गुडनेस, डार्कनेस, सॅडनेस. झालं, मला समोर वर्गच दिसायला लागला. उठलो, हात मागं बांधले आणि बैठकीत येरझाऱ्या घालत शिकवायला लागलो. बायका दाराआडून ऐकतायत, म्हातारे भिंतीला टेकून ऐकतायत, सगळा वर्ग कसा चिडीचूप. फक्त कोपऱ्यात एक पागोटेवाले गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशी लागलेले. मास्तराला हे खपतं का?

"ए पागोटं, उभा राहा."

आणि ते ताडकन उभे राहिले. निजामाच्या काळात उर्दू शाळेत छड्या खाल्लेलं माणूस ते, मास्तरांचा हुकूम आला की पाय आपोआप उठणार.

"बिझनेस कशापासून होतो?" मला 'बिझी' हवं होतं.

"कापसापासून," मामा म्हणाले.

"चूक. बाहेर हो."

मामा मुकाट्यानं बाहेर गेले. आबांनी कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा कुठं मी भानावर आलो. अहो, मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा. तोच माणूस मी हाकलला. म्हणजे लग्न मोडल्यातच जमा.

अंगणात पळालो. मामा लिंबाच्या झाडाखाली भिंतीकडं तोंड करून उभे. पाया पडलो, चुकलो म्हणालो, आत चला म्हणालो.

"बाहेर काढायचा हुकूम मास्तरांचा," मामा म्हणाले. "आत घ्यायचा हुकूमबी त्यांचाच पायजे."

"मामा, आत या, बसा."

"असं नाय. जसं काढलं तसं. वर्गातल्यावानी."

तोवर अख्खी आळी जमा झालेली. मी डोळे मिटून घेतले. "ये आत. बस जाग्यावर. पुन्हा बोलू नको."

ते शेवटचं सवयीनं निघून गेलं हो, देवाशप्पथ.

मामा आत आले, बसले आणि खरंच बोलेनात. लोक त्यांच्या तोंडाकडं बघतायत आणि ते गप्प. व्हय नाय, नाय नाय, काहीच नाय. आबांनी हात जोडून विचारलं, तर त्यांनी नुसतं शकुंतलेकडं बोट केलं. त्या काळात पोरीला कोण विचारतं? पण मामांनीच बोट केल्यावर विचारावं लागलं. तिनं क्षणभरही न थांबता होकाराची मान हलवली आणि माझा जीव भांड्यात पडला.

लग्न थाटात झालं. मामांनीच तिला मांडवात आणलं. मी मात्र छाती फुगवून फिरत होतो. शिकलेली पोरगी, दुसऱ्या कशावर भाळणार? माझ्या इंग्रजीवरच. महिन्याभरानं न राहवून विचारलंच, "त्या दिवशी तू लगेच हो म्हणालीस. एवढं काय बघितलंस माझ्यात?"

"बघते कशाची," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "नाय म्हणले असते, तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लागले असते."