रिकामी गिरणी

दहिवलीला आमची भाताची गिरणी होती. पुढे गिरणी, मागे दोन खोल्या, मधे एक दार. लग्न ठरलं तेव्हा माहेरी सगळे म्हणाले होते, पोरीने नशीब काढलं.

नवऱ्याने पहिल्यांदा हात उचलला तेव्हा मी ओरडले नाही. पळत पुढे गेले आणि गिरणीचं हिरवं बटण दाबलं. मोटर घरघरली, पट्टा फिरला, आणि मागच्या खोलीत जे व्हायचं ते झालं. मार लागल्याचं दुःख मला नंतर झालं. आधी धास्ती होती ती शेजारी ऐकतील याची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईने जणू ओटीतच बांधून दिलं होतं.

पुढे माझ्या मुलीने हे काम आपणहून अंगावर घेतलं. तेव्हा ती तिसरीत होती. बाप चपला कशा काढतो यावरूनच तिला कळायचं. चपला भिंतीवर आपटल्या की हातातली पेन्सिल ठेवून ती उठायची आणि बटण दाबून यायची. मग कोपऱ्यात बसून फ्रॉकची कॉलर चावायची. तिच्या सगळ्या कॉलरी कुरतडलेल्या असत. रविवारी बाप दिवसभर घरी, त्या दिवशी तिचं पोट दुखायचं. मी ओवा द्यायचे. शाळेत बाई म्हणाल्या, फार शांत मुलगी आहे हो तुमची. मी ते ऐकून फुगले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

जवळच्या कोंडाणे गावची एक म्हातारी आमच्याकडे भात भरडायला आणायची. एकदा माझ्या गालाकडे बघत ती जरा बसलीच. "काय झालं गं पोरी?" मी म्हटलं, पट्टा सुटून लागला. म्हातारी उठेना, तेव्हा मी मुलीकडे वळले, "हो की नाही गं?"

"हो," मुलगी म्हणाली. "मी बघितला ना पट्टा सुटताना."

म्हातारीला मी चहा पाजला आणि वाटेला लावलं. पोर हुशार निघाली, असं तेव्हा खरंच मनात आलं होतं माझ्या.

मागच्या वर्षी, भातं झोडून झाल्यावर, गिरणीवर ऐन गर्दीची वेळ. दुपारी वीज गेली. भाताची पोती घेऊन बायका ओट्यावर वाट बघत होत्या, कोंडाण्याची म्हातारीही त्यांच्यात. वीज लवकर येईल असं मी त्यांना सांगितलं आणि ती आली नाही, एवढंच निमित्त. नवऱ्याने मला आत बोलावलं. मुलगी धावत पुढे गेली. बटण दाबल्याचा आवाज मला ऐकू आला. एकदा, परत, परत. गिरणी सुरू होईना.

मग ती तोंडानेच गिरणीचा आवाज काढायला लागली.

घर्रर्र, घर्रर्र. सगळा जीव गळ्यात आणून. मधेच श्वास घ्यायला थांबायची आणि तेवढ्यात आतलं बाहेर ऐकू जाईल म्हणून घाईघाईने पुन्हा सुरू करायची. नवऱ्याचा उचललेला हात तसाच राहिला, मग तो मागच्या दाराने निघून गेला. मी पुढे आले. सगळ्या बायका मान खाली घालून बसल्या होत्या. मुलगी बटणावर हात ठेवून उभी, मान ताणलेली, तोंड लालभडक, आणि अजून घरघरतच होती.

म्हातारीने तिला पोटाशी ओढलं. "बस कर गं माझे बाय. आमाला समदं ठाव हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रिकामी गिरणी खणखणती गं. भात पडला का आवाज जड व्हतो. जल्म गेला आमचा भातात, आमाला येवडं कळत नाय व्हय?"

मला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मार खाताना कधी एवढी लाज वाटली नव्हती. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट झाकायला मी माझ्या पोरीला राखणीला बसवलं होतं.

त्याच आठवड्यात मी तिला घेऊन माहेरी, कशेळ्याला आले. इथेही रस्त्यापलीकडे गिरणी आहे. परवा सकाळी ती सुरू झाली तेव्हा मी मुलीची वेणी घालत होते. तिने माझा हात धरला. कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "भात आहे हिच्यात." मी वेणी घालत राहिले.

"आई, आपल्या गिरणीचं सगळ्यांना कळायचं, तर मग कुणीच का आलं नाही?"

लोक असेच असतात, असं सांगणार होते. सोपं होतं ते. पण माझ्याआधी तीच बोलली.

"ती कोंडाण्याची आजी आली होती," ती म्हणाली. "पण मीच तिला खोटं सांगितलं."

"तू नाही गं," मी म्हटलं. "मी सांगितलं. तुला मी बोलायला लावलं."

तिने मान डोलावली, मला बरं वाटावं म्हणून डोलावली असावी, आणि नव्या फ्रॉकची कॉलर तोंडात धरली.