'हार्कन' म्हणजे काय, हे दाखवणारे सर

अंबेकर सर गेल्याची बातमी मला खुलताबादच्या बसमधून उतरल्यावर एका वर्गमित्रानं सांगितली. त्याला महिना होत आला. त्यांच्यावर लिहिण्याइतका मी मोठा नाही... तरी एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही.

सर आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांचं स्वतःचं शिक्षण हैदराबादच्या पोलीस कारवाईच्या आधी, निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. एका कवितेत 'हार्कन' हे क्रियापद आलं. सर म्हणाले, याचा अर्थ कान देऊन ऐकणं. बोलताना आता कुणी वापरत नाही. पण जुन्या काव्यात, प्रार्थनेत, नाटकातल्या दूताच्या तोंडी, काही मोठं सांगायच्या आधी हा शब्द येतो. मागून एकानं विचारलं, "सर, 'लिसन' असताना हे कशाला?"

"आई हाक मारते ते तुला ऐकू येतं ना?"

"येतं की."

"मग उठतोस का?"

वर्ग हसला. "उठलास तर हार्कन," सर म्हणाले. "उर्दूतलं गौर करणं याच्या जवळचं."

दुसऱ्या वर्षी पेरणी तोंडावर आली आणि वडील मला कायमचं घरी न्यायला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सर समजूत घालतील, या आशेनं मी त्यांना सरांच्या घरी नेलं.

"बसा पाटील, बोला," एवढंच सर म्हणाले.

वडील बोलत राहिले. त्यांचे थोरले भाऊ वारल्यावर एकट्यावर पडलेल्या शेतीचं, आखडलेल्या गुडघ्याचं... "एकट्यानं व्हईना आता, मास्तर." त्यांच्या तोंडून मी कधीच न ऐकलेलं. सरांनी मध्ये एक शब्द टाकला नाही. माझ्या बाजूनंही नाही. मला वाटलं, संपलं.

चहा झाल्यावर सर उठले. "पेरणीपुरता न्या याला. बुडेल ते मी सुट्टीत शिकवीन. मग परत पाठवाल?"

वडील गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "व्हय. पाठवतो."

एवढ्या मोठ्या माणसानं माझ्या वडिलांचं म्हणणं खरं धरलं, याचं नवल मला अजून ओसरत नाही.

परवा गावी वडिलांना बातमी सांगितली. ते कडबा तोडत होते. विळा बाजूला ठेवून समोर येऊन बसले.

"काय शिकवायचे रं ते? सांग."

मी सांगत गेलो. इंग्रजी कविता, मराठीत, जमेल तशी... अंधारून येईपर्यंत वडील मध्ये एक शब्दही बोलले नाहीत.