पेशी जगवणाऱ्या ओव्हाळ मॅडम

डॉ. वत्सला ओव्हाळ यांच्याशी माझी ओळख माझ्याच एका गाढवपणातून झाली. संशोधक विद्यार्थिनी म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेतला माझा तो पहिलाच आठवडा. इंटरल्युकिन हे आपल्या शरीरातले एक प्रथिन. रोगाशी लढणाऱ्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप ते देते. त्याची इवलीशी कुपी मॅडमनी माझ्या हातात दिली आणि मी ती खळाखळा हलवली. कुपीभर फेस झाला, प्रथिन वाया गेले.

“अहो, ते खोकल्याचं औषध नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “चला, आता नवीन करायला घेऊ.”

परदेशातून अशी कुपी यायला तेव्हा महिनोन् महिने लागत. मॅडमनी त्या प्रथिनाचे माणसातले जनुक जिवाणूंमध्ये घालून हे प्रथिन इथे पुण्यातच तयार केले आणि मागेल त्या प्रयोगशाळेला दिले. बर्फाने भरलेला थर्मास स्कूटरला अडकवून कोथरूडहून त्या स्वतः पोचवायला जात. शोधनिबंधात माझे नाव घाला, असे त्यांनी कुणाला म्हटल्याचे मला आठवत नाही.

माझे वडील आजारी पडले तेव्हा मी तीन आठवडे खडकीच्या घरी अडकले. दर दोन दिवसांनी प्रथिन मिळाले नाही तर प्रयोगशाळेत वाढवत असलेल्या माझ्या पेशी मरणार होत्या. परतले तर पेशी टवटवीत, आणि माझ्या वहीत मॅडमच्या अक्षरात पुन्हा पुन्हा तीच नोंद: “पेशी ठीक. वडील कसे आहेत?” ती वही मी अजून जपली आहे.

अशा मॅडमना मी दुखावले. निवृत्त होताना त्यांनी विचारले, “हे काम पुढे चालवाल?” मी म्हणाले, “आता विकत मिळतं की, मॅडम.” त्या “मिळतं खरं” एवढेच म्हणाल्या. पुढे मी लोणी काळभोरच्या महाविद्यालयात शिकवू लागले आणि लाजेपोटी त्यांच्याकडे जायचे टाळत राहिले. विकतची कुपी उघडताना दर वेळी त्यांची आठवण येते. त्यांनी शेजारी उभे राहून माझी चूक काढावी, यासाठी जीव आसुसतो.

यंदा विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन ते प्रथिन मी स्वतः तयार केले. ते घातल्यावर पेशी वाढल्या. धीर करून मॅडमना फोन लावला. पेशी वाढल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, “आणि ज्यांना प्रथिन दिलं नाही, त्या पेशी मेल्या का?”

तशा पेशी मी ठेवल्याच नव्हत्या.

“मग वाढल्या त्या तुमच्या प्रथिनानेच, हे कसं ठरवलंत?”

किती वर्षांनी कुणीतरी मला रागावत होते! मला रडूच आले.

पंचाहत्तरीनिमित्त मॅडमना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, ही सर्वांप्रमाणे माझीही इच्छा. माझी जरा स्वार्थी आहे. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना आमच्या प्रयोगशाळेचे दोन जिने चढू द्यावेत. मॅडम, तो प्रयोग मी अजून पुन्हा लावलेला नाही. तुम्ही आल्याशिवाय लावणारही नाही.