खुडूक कोंबड्या आणि ट्रकचे पाटे

आमच्या सरकारी जीपची मागची बाजू बसली होती. स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांची कमान जाऊन ते फूटपट्टीसारखे सपाट झाले होते, आणि मागच्या बाकावर दोन माणसं बसली की चाकं वर पत्र्याला घासायची. मी तेव्हा जामखेडकडे ग्रामसेविका होते. मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठची ती वर्षं. खर्ड्यापुढच्या एका वाडीत कोंबडीपालनाचं काम माझ्याकडे होतं आणि त्यासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून सुधारित जातीची, उबवायची अंडी आणायची होती.

वाडीतल्या गोठ्यांत जनावर उरलं नव्हतं. कोंबड्या तेवढ्या होत्या. त्यांतल्या खुडूक होऊन उबवायला बसलेल्यांखाली, माझ्या शब्दावर, बायकांनी गारगोट्या ठेवल्या होत्या. अंडी येईपर्यंत कोंबडीनं बसतं राहावं म्हणून. बाकीच्या बायकांना तयार करणारी थोरली बाई मी निघताना रस्त्यापर्यंत आली.

"बाई, आमच्या कोंबड्या दगुड उबवत्यात म्हनून आख्खी वाडी मला हसती. अंडी आली न्हाईत तर मी पानी भरायला कुटल्या तोंडानं जाऊ?"

"आणते," म्हटलं. माझ्या हिशेबात कामं दोनच होती. आधी नगरला पाटे बदलायचे, मग अंडी.

आमचे ड्रायव्हर श्रीगोंद्याकडे उसाचा ट्रक चालवून आलेले. मी त्यांना मामा म्हणायची. वाकणाऱ्या कुठल्याही लोखंडावर त्यांचा विश्वास नव्हता. गॅरेजात मिस्त्रीनं जीप जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे दिले, गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल ओतलं आणि घणानं ठोकायला सुरुवात केली. ते चाललं असताना मी टोपल्या आणि भुसा घ्यायला बाजारात गेले. ती चूक झाली. परत आले तर जीप मागून चांगलीच वर उचललेली, उतारावर उभी केल्यासारखी.

"मामा, ही एवढी उंच का दिसते?"

"ट्रकची दोन-दोन पानं जास्तीची घातलीत आत. आता बसायची न्हाई, बाई. जन्मात न्हाई."

ते मात्र खरं निघालं. राहुरीपर्यंत ती एकदाही बसली नाही आणि मलाही बसू दिलं नाही. प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं वरच्या दांडीला लागायचं. राहुरीच्या अलीकडे माझा डबा मामांच्या मांडीत जाऊन पडला. त्यांनी तो न बघता माझ्याकडे परत दिला.

अंडी भरून निघालो आणि फाटकाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात एका टोपलीतून पिवळं गळायला लागलं. मामांनी गाडी थांबवली, मागे जाऊन पाट्यांकडे कौतुकानं पाहिलं.

"पाट्यांचा दोष न्हाई. लोड न्हाई आपल्याकडं. आट मानसांचं वजन टाका, लोन्यावानी चालंल."

आम्ही नदीकाठी पोत्यांत वाळू भरली. खरंच गाडी मऊ झाली. पण पुढच्या जकात नाक्यावर कारकुनानं पोत्यात हात घातला.

"वाळूची पावती?"

"विकायची नाही, वजनासाठी आहे," मी म्हटलं.

"वजनाचीच पावती मागतोय ना!"

अंड्यांना त्याची हरकत नव्हती. वाळू तिथेच ओतली. मामांचं डोकं मात्र चाललं. "मानसाला जकात न्हाई," ते म्हणाले, आणि बैलगाडीच्या चालीनं आम्ही नगरच्या एस. टी. स्टँडपाशी आलो.

"जामखेड, जामखेड! फुकाट!" मामा ओरडले.

माणसं जमली, सरकारी पाटी वाचली आणि मागे सरली. चार-पाच पुरुष तर चक्क पळाले. मला कळेना. एकजण लांबूनच ओरडला, "नसबंदीला नेत्यात रं! म्हनून तर पैसं न्हाई घेत!"

त्या शिबिरांसाठी माणसं गोळा करणं हेही माझंच काम होतं, आणि याच जीपनं.

शेवटी एक म्हातारबा काठी टेकत पुढे आले. "माजी मागल्या साली झाली. मला काय भ्या?" ते चढले. त्यांच्यामागे धीर करून बाजारच्या बायका चढल्या. मामा प्रत्येकीकडे धान्याच्या पोत्याकडे बघावं तसे बघत होते. एका बारक्या मास्तरांना त्यांनी परत पाठवलं, "तुमी नुसती जागा खाताल, गुर्जी."

मग त्यांना पैलवान दिसला. जत्रेतली कुस्ती मारून आलेला, तिघांएवढा एकटा.

"मी लंगोटबंद हाय," तो खाली उभा राहून म्हणाला. "मला असल्या गाडीत बसवू नगा."

"आरं, ह्यात अंडी हायती अंडी!" म्हातारबा आतून म्हणाले. "मी कापून घेऊन आलोय, मला वळखू येत न्हाई व्हय?"

पैलवान बसला आणि जीप खाली आली. मामांनी डोळे मिटून घेतले, इतकं त्यांना बरं वाटलं.

वाटेत उतरणाऱ्याला मामा सोडत नसत. आधी बदली माणूस चढायचा, मग पहिला उतरायचा. कडा गावाला एका बाईला भाऊ न्यायला आला होता. तिच्या वजनाचं कोणी मिळेपर्यंत त्यालाही आत बसावं लागलं. जामखेडला पैलवान उठला.

"माजं गाव आलं."

"वाडीपर्यंत चला. तिथे जेवण घालते," मी म्हटलं.

"मग चार अंडी द्या. कच्ची."

"ही खायची नाहीत. कोंबड्या वाट बघतायत."

"कोंबड्या वाट बघत्यात, आन् मी जेवनाची वाट बघू?" असं म्हणत तो पुन्हा बसला. टोपलीला धक्का लागू नये म्हणून त्यानं ती स्वतःच मांडीवर घेतली.

दिवेलागणीला वाडीत पोचलो. बायका धावत आल्या. पैलवान उतरायला उठला तसे मामा किंचाळले, "हलू नगंस! आदी अंडी!" टोपल्या निघेपर्यंत आठही माणसं उभ्या जीपमध्ये फोटोला बसल्यासारखी बसून होती. थोरल्या बाईनं एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं. राहुरीच्या फाटकानंतर एकही फुटलं नव्हतं. घरोघरी गारगोट्या निघाल्या आणि अंडी गेली. कोंबड्यांनी चोची मारल्या, पण बसल्या.

पिल्लं निघाली तेव्हा मी मुद्दाम मामांना घेऊन गेले. थोरल्या बाईच्या अंगणात पांढरी-पिवळी पिल्लं पळत होती. हसणाऱ्या बायका आता तिच्याकडे अंडी मागायला येत होत्या. तिनं त्यांना सांगितलं होतं की अंड्यांतून पिल्लं चांगली निघायला लंगोटाचा कच्चा माणूस चालत नाही, ती जामखेडपासून लंगोटबंद पैलवानाच्या मांडीवर आणावी लागतात.

"असं काही नसतं, बाई," मी म्हटलं. "पाटे कडक होते म्हणून—"

"पाट्यांचं तुमी बोलू नगा," ती म्हणाली. "पैलवान कदी येतोय त्येवडं सांगा."

मी मामांकडे पाहिलं. ते जीपच्या मागच्या बाजूला हात लावून उभे होते.

"बघा," ते म्हणाले, "आजून बसली न्हाई."