ताईनं मशीनला गप्प बसायला शिकवलं

आमची ताई ऑफिसात नेमकं काय करायची? मी हे सगळ्यांना विचारलं. तिच्या साहेबांनी बराच वेळ इंग्रजीत सांगितलं, म्हणजे सांगितलंच नाही. आता तिलाच विचारावं तर तीही सोय राहिली नाही. सकाळी तिचं डोकं दुखलं आणि संध्याकाळी ती नव्हती.

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत भेटायला येणारा प्रत्येक जण केळी आणि ताईचा एक किस्सा घेऊन येतो. केळी काळी पडली, किस्से वाढतच चाललेत!

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची, ऑफिस परळला. मी मेकॅनिक. शाळा आठवीतच सुटली. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन कंट्रोल रूमला जातो. तिथल्या लोकांच्या मदतीला एआयचं मशीन आलं, आणि ते माणसाच्या डोक्याला झेपेल असं करायचं काम ताईचं. एवढं मला कळलंय.

*

सुरुवातीला फोन आला की स्क्रीनवर सहा सूचना एकदम टपकायच्या. तिथे फोन घेणाऱ्या आमच्या परबकाकांनी अर्ध्या स्क्रीनवर कॅलेंडरचं पान चिकटवलं!

ताईनं विचारलं, "काका, हे काय?"

"बाये, थंय लिफ्टीत बाई रडता. मी तिचा आयकू, काय ह्येचा वाचू?"

ताईनं मशीनला शिकवलं, माणूस फोनवर असताना एका वेळी एकच गोष्ट दाखवायची. काकांनी पान काढलं. म्हणाले, "आता मशीन शोभता घरजावय!"

*

ताईचे प्रयोग माझ्यावर. मी पंखा खोलून बसलो की ही शेजारी बसून सुरू. "भाजी कुठली आणू? मावशीचा फोन आला का? शनिवारी सुट्टी आहे ना?"

"ताई, चौथा स्क्रू गेला ना तुझ्या बडबडीत!"

"बघ! हेच मला साहेबांना पटवायचंय."

पंखा अजून तीन स्क्रूंवर आहे. खडखडतो. मी हात लावत नाही.

*

मग मशीन जास्तच हुशार झालं. कोणत्या मेकॅनिकला कुठे पाठवायचं तेही तेच सांगायला लागलं, आणि कंट्रोल रूममधली, काळाचौकीची आमची शीतल न वाचता ओके दाबायची. एकदा मशीननं पत्ता चुकवला, आणि मी फणसवाडीत एका दुमजली चाळीसमोर टूलबॉक्स घेऊन उभा!

"आजी, लिफ्ट कुठाय?"

"तूच ना ती? इतकी वर्षं वाट बघतेय. धर पिशवी, चल वर!"

ताई शीतलवर ओरडली नाही. म्हणाली, "आयतं उत्तर मिळालं की कोणाचंही डोकं झोपतं." तेव्हापासून मशीन आधी शीतलला विचारायचं, 'तुम्हाला काय वाटतं?' आपलं उत्तर नंतर.

शीतल म्हणाली, "ताई, माझं लग्न ठरवताना पण कोणी एवढं विचारलं नव्हतं!"

*

अडकलेला माणूस सुखरूप बाहेर आला की मशीन फोन घेणाऱ्याला लगेच पुढचा कॉल देत नाही. थोडा वेळ गप्प बसतं. हे ताईनं भांडून मिळवलं होतं. साहेबांनी विचारलेलं, "एवढ्या वेळात ही लोकं करतात काय?"

"हात थरथरायचे थांबतात, सर."

ताई गेली आणि साहेबांनी ठरवलं, सोमवारपासून हा वेळ बंद. शीतल रडली. काकांनी डबा उघडला नाही. ताई म्हणते, आधी विचार कर, मग हात चालव. म्हणायची. मला ते कधी जमलं नाही.

शुक्रवारी साहेब ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकटेच शिरले. मी वर गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच खाली ओढला.

फोन शीतलकडे गेला. "हॅलो! अरे, कोणी आहे का?"

"मी आहे ना, सर. खाली बसा. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

थोड्या वेळानं मी लिफ्ट पुन्हा चालू केली. साहेब घामानं चिंब, टाय हातात. मी त्यांना शीतलच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन त्यांच्या कानावर चढवला.

"सर, पुढचा कॉल घ्या."

"अरे, थांब ना जरा!"



मी हेडफोन काढून घेतला. त्यांना पाणी दिलं. नोकरी आता राहणार नव्हतीच. कंपनीचा टूलबॉक्स टेबलावर ठेवला आणि जिन्यानं खाली उतरलो.